तीनशे शेळ्या आणि जॉबर रेणू

रिकाम्या गल्लीत माझा खेळ सुसाट पळायचा. पाच शेळ्या आल्या तरी पळायचा. पण तीनशे शेळ्या एकदम गल्लीत शिरल्या की चित्र अडखळायला लागायचं. शेळी आत्ता इथे दिसायची, मग एकदम तिथे. मधलं चालणं गायब!

हे मला मुळीच पटत नव्हतं. अख्ख्या इचलकरंजीत कुणाकडे नसेल असं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र रंगवणारा भाग) मी स्वतः जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं होतं.

मी रेणू उत्तूरे, इयत्ता सातवी. ‘शेरडं आवर!’ हा खेळ मी स्वतः लिहिलाय, तोही आत्याच्या जुन्या फोनवर. साल २०४३. जुन्या कॉम्प्युटरचे भाग फेकायचे नाहीत, तपासून, ताकदीप्रमाणे गुण लावून शाळांना द्यायचे, असा नियम यंदाच निघालाय. आमच्या शाळेला शंभर गुण मिळाले. तेवढ्यात बसतील ते भाग निवडून एक कॉम्प्युटर जुळवायचा आणि दसऱ्याला सगळ्यांसमोर त्यावर आपला खेळ पाच मिनिटं चालवायचा. सेकंदाला निदान साठ चित्रं पडद्यावर आली पाहिजेत. त्याखाली गेलं की नापास. संधी दोन. पास झालो तर शाळेला आणखी दहा कॉम्प्युटरचे भाग मिळणार, आणि शाळेत तर एकही नव्हता!

शंभरातले चौसष्ट गुण मी एकट्या कार्डावर उडवले. प्रोसेसर (हिशेब करणारा आणि निर्णय घेणारा भाग), रॅम (चालू कामाचं सामान हाताशी ठेवायची जागा), पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) हे उरलेल्या गुणांत कसेबसे बसवले. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मी मोत्याकडेच बघत बसले होते.

दसऱ्याला आठ दिवस उरले, तेव्हा मी कॉम्प्युटर उचलला आणि दीपाआत्याच्या कापड विणायच्या कारखान्यात नेला. आत्या जॉबर आहे, म्हणजे माग जुळवणारी आणि दुरुस्त करणारी. तिने जुळवलेल्या प्रत्येक मागावर खडूने तिचं नाव असतं. माग बिघडला तर कुणाला विचारायचं, ते सगळ्यांना कळावं म्हणून. तिच्या हाताखाली डोळेराव नावाचा रोबो आहे. तुटलेला धागा शोधायला त्याला एकच मोठा डोळा दिलाय. तोंड मात्र न मागता भरपूर मिळालंय.

“डोळेराव, हे कार्ड खराब आहे,” मी म्हणाले.

“उगाच आळ घेऊ नकोस,” डोळेराव म्हणाला. “चित्राचा दर्जा निम्मा कर. रंगवायचं काम कमी होईल. कार्ड दमलं असेल, तर खेळ लगेच पळायला लागेल.”

मी केला. शेळ्या धुरकट झाल्या, पण अडखळणं तसंच राहिलं. आधी सेकंदाला एकतीस चित्रं येत होती, आताही एकतीसच.

“म्हणजे कार्ड दमलेलं नाही?”

“दमेल कशाला? निवांत बसलंय ते.” त्याने पडद्यावर आकडे आणले. कार्डाच्या ताकदीपैकी जेमतेम पस्तीस टक्के वापरात होती. प्रोसेसर मात्र शंभर टक्के राबत होता.

तेवढ्यात आत्या तेलकट हात पुसत आली. “रेणू, त्यो चार नंबरचा माग बघ. लई पळणारा हाय. मग थांबलाय का?”

माग गप्प उभा होता. शेजारी मंगलमावशी घाईघाईने कांड्या भरत होत्या. कांडी म्हणजे आडवा धागा गुंडाळलेली छोटी नळी. ती संपली की मागाला दुसरी लागते.

“कांडी तयार नाही म्हणून,” मी म्हणाले.

“मग मोठी मोटर बसवू का मागाला?”

“मोटर काय करणार? कांडीच नाही तर...” मी बोलता बोलता थांबले. माझं कार्ड म्हणजे हाच माग होता की!

मग डोळेरावने नीट उलगडून सांगितलं. माझी प्रत्येक शेळी स्वतः ठरवते, की कुठे वळायचं, कुणाला धडकायचं नाही, कुठला पाला खायचा. तीनशे शेळ्या, सेकंदाला साठ वेळा. म्हणजे अठरा हजार निर्णय! ते प्रोसेसर घेतो. कोणती शेळी कुठे आहे ते त्याने सांगितल्याशिवाय कार्ड रंगवणार काय? सगळ्यात सावकाश भाग जेवढा चालतो, तेवढंच अख्खं यंत्र चालतं.

“मग चौसष्ट गुणांचा प्रोसेसर आणते!”

“आण. मग तो कार्डासाठी ताटकळेल,” डोळेराव म्हणाला. “सगळ्यात भारी भाग कुठला, हे विचारूच नकोस. कोण कुणासाठी थांबतंय, ते विचार. तुझ्या खेळात एकच देखणा डोंगर असता, तर मोठं कार्डच बरोबर ठरलं असतं.”

दुसऱ्या दिवशी मी कार्ड परत केलं. तेव्हा जीव तुटला, खोटं कशाला सांगू! अडतीस गुणांचं कार्ड घेतलं आणि अकरा गुणांच्या प्रोसेसरऐवजी तीस गुणांचा घेतला. तो आपल्या बोर्डावरच्या (सगळे भाग जोडणाऱ्या पाटीवरच्या) खाचेत बसतो ना, हे डोळेरावने दोनदा तपासलं. सात गुण वाचले. मला त्यात रंगीत दिवे हवे होते.

“दिवं ऱ्हाऊ देत. चांगला पॉवर सप्लाय घे,” आत्या म्हणाली. “वीज धड मिळाली न्हाई, तर सगळंच बसतंय.”

मी सातही गुण पॉवर सप्लायवर घातले. संध्याकाळी तीनशे शेळ्या गल्लीत सोडल्या. बहात्तर चित्रं! मी मागांच्या मधून नाचत सुटले.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळे माग बंद ठेवून, धुऊनपुसून त्यांची पूजा करतात. मीही माझ्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची जाडजूड माळ दोन वेढे देऊन घातली. इतकं देखणं यंत्र दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

दसऱ्याला पटांगण भरलं. पहिली तीन मिनिटं बहात्तर, बहात्तर, बहात्तर. मग पासष्ट. मग अठ्ठावन्न. आमच्या बाईंनी शिट्टी वाजवली. पहिली संधी गेली.

दहा कॉम्प्युटर माझ्यामुळे जाणार होते. आत्या समोरच्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. शेजारचा डोळेराव बोलायला लागला, तर त्याला तिने डोळ्यानेच गप्प केलं.

मी स्वतःलाच विचारलं, कोण कुणासाठी थांबतंय? आकडे बघितले. कार्ड आणि प्रोसेसर, दोघांचाही वेग उतरला होता. तापमान सत्त्याण्णव अंश! भाग फार तापले की जळू नयेत म्हणून आपणहून हळू चालतात, हे मला माहीत होतं. मग थंड हवा का मिळत नाही त्यांना? हवा आत घेणाऱ्या जाळीवर झेंडूचे दोन वेढे बसले होते. माझ्याच हातचे.

मी माळ काढून डोळेरावच्या गळ्यात घातली. जाळीत अडकलेल्या पाकळ्या वेचल्या, यंत्र निवू दिलं आणि मग म्हणाले, “बाई, दुसरी संधी.”

पाच मिनिटं तीनशे शेळ्या गल्लीतून रुबाबात चालत गेल्या. सगळ्यात कमी आकडा अडुसष्ट होता. शिट्टी वाजलीच नाही, आणि टाळ्यांनी पटांगण दणाणलं.

आत्या कधी कुणाचं तोंडभरून कौतुक करत नाही. ती उठली, यंत्रापाशी आली, खिशातून खडू काढला आणि कॉम्प्युटरच्या बाजूवर ठळक अक्षरात लिहिलं : जॉबर – रेणू उत्तूरे.

“आता बिघडलं तर समदी तुलाच इचारणार,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“विचारू देत की,” मी म्हणाले. माझी छाती एवढी फुगली होती, की गणवेशाचं बटण तुटायचंच बाकी होतं.

दहा नव्या कॉम्प्युटरचे भाग पुढच्या महिन्यात येणार आहेत. ते दहा वेगवेगळ्या मुलांनी जुळवायचे, असं मीच बाईंना सांगितलंय. कुणी तारे दाखवणारा खेळ लिहील, कुणी नदीच्या पुराचा अंदाज बांधेल. ज्याचं काम जसं, तसे त्याचे भाग. नावं लिहायला खडूचा डबा मात्र मी आधीच आणून ठेवलाय.