लागला का?

या, जरा जवळ सरकून बसा. आज एक गोष्ट सांगतो. देवाला साक्षी ठेवून सांगतो, यातलं अक्षरही खोटं नाही. माझ्या मामांवर गुदरलेली. आणि रात्रीची नाही बरं का... भरदुपारची.

मामा लाकडाच्या वखारीत गाड्यांचे मिस्त्री होते. वखारीत सैन्यातून निघालेले तीन जुने ट्रक. एरवी मागचीच चाकं ओढायची. चिखल लागला की चालकानं लिव्हर ओढायचा, मग पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा. याला तिथं ‘फ्रंट लावणं’ म्हणत.

दर महिन्याला तपासणी. पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं. चालक गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करायचा, लिव्हर ओढायचा आणि ओरडायचा, "लागला का?"

मिस्त्रीनं चाक हातानं फिरवून बघायचं. अडलं, तर लागला. मोकळं फिरलं, तर नाही.

चालकाला सगळे ‘गवई’ म्हणत. गळा असा, की ऐकून म्हैस दावं तोडेल! पण माणूस लाख मोलाचा.

त्या दिवशी मामांच्या हातात चहाचा कप होता.

"मिस्त्री, लागला का?"

"लागला, लागला!"

"हात लावला, की कपालाच विचारलं?"

"तू गाणं थांबव, मग सगळंच लागेल!"

दोघं हसले. मामा जागचे हलले नव्हते.

चार दिवसांनी गवई भरलेला ट्रक घेऊन लाल मातीच्या चढावर अडकला. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. त्यानं लिव्हर ओढला...

पुढची चाकं हललीच नाहीत.

ट्रक मागे घसरत घसरत दरीत गेला. गवई त्यातच गेला.

ट्रक वर काढला, तेव्हा मामा खाली शिरले. आतली पिन गंजून तुटलेली. वर लिव्हर हलायचा, आत काहीच हलत नव्हतं. मामांनी ती पिन गुपचूप खिशात टाकली. कागदावर लिहिलं गेलं, चालकाची चूक. मामा मूग गिळून बसले.

ट्रक दुरुस्त झाला. नवी पिन बसली. उन्हाळा आला. तपासणीचा दिवस. नवा चालक गाडी गिअरमध्ये ठेवून जेवायला गेलेला. शेडमध्ये मामा एकटे. चाक जॅकवर.

केबिन रिकामी.

आणि...

खट्.

लिव्हर ओढल्याचा आवाज.

"मिस्त्री... लागला का?"

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. समोरचं चाक आपोआप फिरू लागलं होतं. हळूहळू...

उलटं.

"ल... लागला," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

चाक आणखी जोरात फिरू लागलं.

"लागला का?"

मामांनी गुडघे टेकले. "नाही रे गवई! नव्हता लागला! मी हातच लावला नव्हता!"

चाक थांबलं.

मामांनी दोन्ही हातांनी जोर लावला. तसूभरही हललं नाही.

बऱ्याच वेळानं ते केबिनमध्ये चढले. लिव्हर ओढलेला. आणि सीटवर... ओला लाल चिखल. बाहेर जमीन भेगाळलेली होती.

त्याच संध्याकाळी मामा पिन घेऊन गवईच्या घरी गेले. सगळं कबूल केलं. वहिनींनी पिन हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"सहा महिने मी त्यांनाच बोल लावत होते, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मालकांना सांगितलं. त्यांनी हात झटकले. "झालं ते झालं. कागद बदलत नसतो."

मामा आज ऐंशीचे आहेत. मामीनं "कडी लागली का?" असं विचारलं, तरी ते बसल्या जागेवरून उत्तर देत नाहीत. काठी टेकत उठतात. कडी हातानं चाचपतात. मग क्षणभर कान देऊन उभे राहतात... कोणाची वाट बघतात, आम्ही विचारत नाही.

माझी एवढीच विनंती आहे. देवापुढे हात जोडाल, तेव्हा गवईची आठवण काढा. आणि चारचौघांत सांगा, चूक त्याची नव्हती.

कागदावर अजून त्याचीच आहे.