तेवीस खोटी नावं

"बाराच्या आत चोर सापडला नाही तर माझी नोकरी गेली," शर्मिला वाघमारे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

सकाळचे दहा वाजले होते. शुभदा मोकलने चहाचा कप खाली ठेवला. सानपाड्यातल्या त्या एका खोलीच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात डोकं तिचं आणि गाडी हिरामणची. त्याने न्हावा शेव्याला वीस वर्षं ट्रेलर चालवला होता. ताई म्हणेल तिकडे वळायचं, एवढं त्याला चटकन कळे. बाकीचं जरा उशिरा.

"चोरीला काय गेलं?" त्याने विचारलं.

"खुर्च्या."

शर्मिला ज्या कंपनीत होती, ती घरून काम करणाऱ्यांना दिवसभरासाठी टेबल-खुर्ची भाड्याने देई. हॉल एक, खुर्च्या चोवीस. जुन्या ॲपवरून नुसती विनंती पाठवायची. कोणाला कुठे बसवायचं ते मॅनेजर ठरवणार. शर्मिलाने चार महिने खपून ते ॲप नव्याने मांडलं. आता हॉलचा नकाशा दिसायचा. रिकामी खुर्ची दाबा, ती तुमची. काल संध्याकाळी सहाला ते सुरू झालं आणि पाच मिनिटांत तेवीस खुर्च्या खोट्या नावांनी गेल्या. आज माणसं दारातून परत गेली आणि आत हॉल ओस.

"बुकिंग स्टाफच्या टेस्ट लॉगिनमधून झालंय," शर्मिला म्हणाली. "पासवर्ड आम्हा चौघांकडे. मॅनेजर रावसाहेब म्हणतात, हिनेच टेस्टिंग केलं आणि पुसायला विसरली. मालकीणबाई बाराला जुनं ॲप परत लावणार आणि मला काढणार."

"चल," शुभदा उठली.

हॉलमध्ये नऊ नंबरवर एक बाई एकटीच काम करत होती.

"सकाळी बघितलं, हीच एक उरलेली. घेऊन टाकली," ती म्हणाली.

तिच्या डोक्यावर एसी गार वारा सोडत होता. भिंतीवर पाण्याचे पिवळे ओघळ होते, सुकलेले. शुभदाने त्यांवरून बोट फिरवलं. ताई धूळ बघतेय, असं हिरामणला वाटलं.

"मी कशाला करू?" रिसेप्शनवरची वैशाली भडकली. "सकाळपासून शिव्या मीच खातेय!"

"हा एसी गळायचा?" शुभदाने विचारलं.

"सहा वर्षं! नऊ नंबर कोणाला द्यायचाच नाही. नकाशा काढताना शर्मिलाने विचारलं, ही खुर्ची कायम रिकामी का? म्हणून मंगळवारी मेकॅनिक बोलावला. आम्ही दोघींनी उभं राहून काम करून घेतलं."

प्रोग्रामर यशराज फोनवर भेटला.

"मॅडम, मी मोरा गावी घरी बसून कोड लिहितो. त्या हॉलात कधी पाय नाही ठेवला. मला एक ते चोवीस आकडे, बस."

रावसाहेब केबिनमध्ये फोनवर गिऱ्हाइकांची समजूत काढत होता.

"आठवडाभर साताऱ्याला होतो. आज सकाळी येतो तर हा तमाशा! कोट्यातली माणसं भरली की असंच होणार."

शर्मिलाने हातातली वही फाटकन मिटली.

"खासगी कंपनीत कसला कोटा, रावसाहेब?" शुभदाने विचारलं. रावसाहेबने पुन्हा फोन उचलला. "बरं, आम्ही बाहेर बसून थोडं लिहितो. कुठे बसू?"

"कुठेही बसा. फक्त नऊ सोडून. अंगावर पाणी पडेल."

तोंडाने घाण, पण माणूस काळजी घेणारा, असं हिरामणने मनात ठरवून टाकलं.

पावणेबाराला मालकीण सुनयना मॅडम आल्या. शुभदाने सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं. यशराज स्पीकरवर होता.

"तेवीस खुर्च्या अडवणाऱ्याने चोविसावी का सोडली?" ती म्हणाली. "आणि नेमकी नऊच का? यशराजला नऊ काय, दहा काय, सारखंच. वैशाली आणि शर्मिला यांना एसी दुरुस्त झाल्याचं माहीत होतं. त्यांनी नऊही अडवली असती. नऊ सोडणाऱ्याला गळती ठाऊक होती, दुरुस्ती नाही. म्हणजे मंगळवारी तो इथे नव्हता. आणि तासाभरापूर्वी तो मला सांगत होता, नऊवर पाणी पडेल."

रावसाहेबने वळून पाहिलं. नऊ नंबरवरची बाई कोरडीठाक बसली होती.

"अहो, ते मी सवयीने बोललो..."

"सवयीनेच केलंत! सहा वर्षं तुमच्या लेखी हा हॉल तेवीस खुर्च्यांचाच. तेवीस अडवल्या आणि तुम्हाला वाटलं, भरला."

"पण ताई, यांना काय मिळालं त्यात?" हिरामण बुचकळ्यात पडला.

"राज्य, हिरामण. खिडकीजवळची खुर्ची हवी तर यांना फोन करा, यांची हांजी हांजी करा. हिच्या नकाशाने ते संपवलं."

"मग काय!" रावसाहेब फुटलाच. "कालची पोरगी मला खुर्च्या वाटायला शिकवणार?"



"चाव्या ठेवा आणि निघा," सुनयना मॅडम म्हणाल्या. मग शर्मिलाकडे वळल्या. "माझं चुकलं. तुझी नोकरी कुठे जात नाही."

"एवढ्यावर भागणार नाही, मॅडम," शर्मिला म्हणाली. "परत गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मेसेज जाऊ दे. ॲपमध्ये खोट नव्हती, आणि ते शर्मिला वाघमारेने केलंय."

"बरं. पाठव."

"मी नाही. तुमच्या नावाने, तुम्ही."

मॅडमनी फोन काढला.

बाराच्या ठोक्याला खोटी नावं पुसली गेली. नकाशावरच्या खुर्च्या मोकळ्या झाल्या, आणि बघता बघता खऱ्या नावांनी भरू लागल्या. सहा, अकरा, सतरा. वैशालीने टेबलावर हात आपटून आरोळी ठोकली. अर्ध्या तासात दार उघडलं आणि लॅपटॉप छातीशी धरून एक गृहस्थ आत आले. फोन आडवा धरला, उभा धरला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि मग आपली खुर्ची गाठली.

शर्मिला सगळं टिपून घेत होती.

"नकाशात दार दाखवायला हवं," ती वहीत लिहीत म्हणाली. "उद्या पहिलं ते करते."