सातव्या दगडाची पाळी

पुढच्या उन्हाळ्यात इथे कुणी लेकुरवाळी राहायला आली, तर तिला हे कुणी आपणहून सांगणार नाही. म्हणून मी सांगते.

त्या दिवशी मी लंगोट धुवायला पाटावर गेले होते, एवढंच.

आम्ही मे महिन्यात आलो. माझा नवरा तालाय चार वर्षं मॉस्कोत सिमेंटच्या कामावर होता, दोन वर्षांपूर्वी परतला तो छातीत घरघर घेऊनच. डोंगरात एक वस्ती आहे, तिथे वीज नाही, गाड्या नाहीत, सगळं हातानं करून साधेपणानं राहतात, असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं आणि म्हणाला, "बुरुल, जाऊन तर बघू." मला हसू आलं. गवऱ्या थापून, शेळ्यांच्या धारा काढून, भिंती लिंपून माझी आई लवकर म्हातारी झाली, आणि बिश्केकची शिकलीसवरली माणसं तेच करायला डोंगर चढून येतात. पहिल्याच दिवशी लेव्ह नावाचा इंजिनियर मला गवरी थापायला शिकवू लागला. मी सगळं ऐकून घेतलं, मग एक थापून दाखवली.

"तुमची इतकी गोल कशी येते हो?"

"तुम्ही विचार करत थापता," मी म्हटलं, "म्हणून तुमची येत नाही."

पण महिन्याभरात तालायचा खोकला निम्मा झाला. तो रात्रभर झोपायला लागला. मला मात्र झोप नव्हती. आमच्या तान्ह्या तुर्सुनच्या आधी माझी दोन मुलं गेली होती. एक आठव्या महिन्यात, एक नवव्यात. खाली शहरात, नळाला पाणी आणि दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे असताना. म्हणून तिसऱ्याचं नाव तुर्सुन ठेवलं. तुर्सुन म्हणजे राहू दे. वस्तीवर आलो तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. बाकीची माणसं पीक कधी येईल ते मोजत होती, मी नववा महिना कधी संपेल ते मोजत होते.

वस्तीत सहा घरं. आधी एक उन्हाळा राहून बघायचं, मग सप्टेंबरात बैठक बसते आणि एकूण एक माणसाचा होकार आला तर तुम्ही इथले. एकानं जरी नाही म्हटलं तरी नाही. आणि सगळ्या गोष्टींना पाळी. भाकरीची पाळी, शेळ्यांची पाळी, पाण्याची पाळी, संध्याकाळी पोरं सांभाळायची पाळी. कुणाची पाळी फुकट घ्यायची नाही. घेतली तर बदल्यात आपली एखादी द्यायची. पोरांच्या पाळीत मी तुर्सुनला कधीच देत नव्हते, पाठीला बांधूनच कामं करायचे. बायका म्हणायच्या, "दे गं त्याला, खाणार नाही कुणी." मी हसून वेळ मारून न्यायचे.

घड्याळ इथे कुणी ठेवत नाही. मधल्या अंगणात काठी रोवलीय आणि भोवती दगड मांडलेत. काठीची सावली ज्या दगडावर येईल त्या घरानं पाटाची फळी उचलायची, पाणी आपल्या वाफ्यांत घ्यायचं. दुपारपर्यंतचं पाणी खालच्या गावाचं, दुपारनंतरचं आमचं. घरं सहा, पण दगड सात. सातव्यावर सावली येते ती सूर्य डोंगराआड जायच्या जरा आधी. तेव्हा पाणी पॉपलरच्या झाडांच्या रांगेमागे जातं. तिथे एक पडका मातीचा ओटा आणि चार वाफे आहेत, त्यात काही पेरलेलं नाही.

वेरा एजेला मी विचारलं होतं. एजे म्हणजे मोठी बहीण. वेरा रशियन, पण आम्ही सगळे तिला एजेच म्हणतो. साठीची, काटक, आधी शाळेत रसायन शिकवायची.

"ती मैरामची पाळी," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी आमच्यात होती. वसंतात तिचं तान्हं गेलं. मग एका संध्याकाळी पाटात अडकलेला गाळ काढायला वर गेली. फावडं सापडलं, ती नाही."

"मग पाणी कशाला सोडता?"

"कुणाची पाळी बंद करायची तर त्याचा स्वतःचा होकार लागतो. आमचा नियम आहे. आता तिचा होकार आणायचा कुठून?"

मला तेव्हा ते शिकलेल्या माणसांचं खूळ वाटलं होतं.

जुलैत तुर्सुनला जुलाब लागले. आठवा महिना. तालाय पहाटेच घोडा घेऊन खाली औषध आणायला गेला, दिवसभर आला नाही. पोर पाण्यासारखं ओघळत होतं. सगळे लंगोट, दुपटी, माझे दोन रुमाल, सगळं खराब झालं. पिंपातलं पाणी दुपारीच संपलं. शेजारून दोन हंडे आणले, तेही संपले. आमची पाळी होऊन गेली होती, त्या गडबडीत मी फळी उचललीच नव्हती. आणि तुर्सुनचे डोळे आत जायला लागले होते. ते डोळे मी आधी दोनदा पाहिले होते.

मी त्याला पाठीशी बांधलं, बादल्या घेतल्या आणि पाटावर आले. सावली सातव्या दगडावर होती. बाकी सगळे मोठ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजायला जमले होते, धूर दिसत होता. पाणी पॉपलरमागे वळत होतं. मी मैरामच्या वाफ्यांच्या तोंडाची फळी खाली दाबली, फटीत चिखल लावला आणि पाणी माझ्याकडे वळवलं.

थंडगार पाणी. मी धूत होते, पिळत होते. उन्हाचा रंग तांबडा झाला. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं, की पानं हलायची थांबलीत. पॉपलरची पानं वारा नसतानाही हलतात. ती थांबली होती. ओल्या मातीचा वास आला, तो पाटावर असतोच. पण त्यात तापवलेल्या दुधाचा वास होता... उतू जाऊन चुलीवर पडलेल्या दुधाचा.

झाडांमागच्या वाफ्यात कुणीतरी चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज झाला. एक पाय. मग दुसरा.

मला चोरी करताना पकडल्यासारखं झालं. मान वर न करता मी म्हटलं, "एजे, झालंच... पोर फार आजारी आहे, थोडंच घेतलं."

झाडांमागून हळू आवाज आला. "घे... आधी बाळाचं होऊ दे."

"तुमचं पाणी मोडलं."

"चालेल... मला दे नंतर, तुझं काहीतरी."

"देईन की," मी म्हटलं. वस्तीत सगळे असंच बोलतात, मीही तसंच बोलले.

फळी उचलून द्यायला मी उठले तेव्हा झाडांमागे कुणी नव्हतं. रोज पाणी जाऊनही वाफे कोरडे होते, भेगाळलेले. पायाचा एकही ठसा नाही.

तुर्सुनचे जुलाब त्याच संध्याकाळी थांबले. तालाय औषध घेऊन आला तोवर तो पाळण्यात पाय झाडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आईपेक्षा बरी. निदान हळू तरी बोलते." मग माझा चेहरा बघून पाळण्याकडे वळला.

सकाळी मी वेरा एजेकडे गेले. ती काल दुपार ढळल्यापासून चुलीपुढून हललीच नव्हती, हे चार जणांनी सांगितलं.

"पाणी घेतलंस ते घेतलंस," ती म्हणाली. "पण बदल्यात काय कबूल केलंस?"

"काहीतरी देईन म्हटलं... काय ते ठरलं नाही."

ती पीठ मळत राहिली. "बावीस वर्षं मी रसायन शिकवलं, बुरुल. भूतबीत मी मानत नाही. नियम मानते. तुझ्याकडे न दिलेली पाळी एकच आहे."

मला कळलं. पोराची.

चार दिवसांनी, सावली सातव्या दगडावर असताना, मी दाराबाहेर लोकर पिंजत बसले होते. तुर्सुन आत पाळण्यात. त्याची दुधाची वेळ झाली, पण रडला नाही. मी आत गेले. जागा होता, छताकडे बघून हुंकार देत होता. दुपट्याची गाठ डाव्या बाजूला होती. मी उजवीकडे मारते. जवळ घेतलं तर त्यानं तोंड फिरवलं. पोट टम्म. ओठ ओले, आणि तोंडाला दुधाचा वास, गोड, जरा करपलेला. माझ्या दुधाला तसा वास नाही.

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यातच बसले, नजर पाळण्यावर ठेवून. काहीही हललं नाही. फक्त तुर्सुनचे गाल आत-बाहेर होत होते, पिताना होतात तसे... मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्याला ठसका लागला असता. आईच्या मनात त्या वेळी असलंच काहीतरी येतं.

मग मी त्याला घेऊन पॉपलरमागे गेले. फळी स्वतः उचलली, तिच्या वाफ्यात पाणी सोडलं आणि म्हटलं, "बाई, तुझी पाळी तुला. माझी मला परत दे." पाणी भेगांत जिरत राहिलं. संध्याकाळी घरी आलो, तेव्हा त्याला भूक नव्हती.

तालाय म्हणाला, "जाऊ या खाली. तू म्हणशील तेव्हा." ते म्हणताना तो खोकला नाही. हे त्याच्याही लक्षात आलं आणि माझ्याही.

खरं सांगू का, नववा महिना आला आणि गेला. तुर्सुन बाळसं धरत होता. उचलायला गेलं की हाताला ओझं लागायचं. ती दोघं या वयात किती हलकी होती ते माझ्या हातांना अजून आठवतं. मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, की दुसऱ्या बाईनं पाजलं म्हणून मूल दुसऱ्याचं होतं का? आमच्या आईनं तर शेजारणीची दोन पोरं पाजली होती. आणि लगेच वाटायचं, ती शेजारीण जिवंत होती, पोरं मागायला दारात येत होती. इथे मागायला जायचं कुणाकडे?

सप्टेंबरात बैठक झाली. सहा घरांची माणसं गोल बसली. तालायला सगळ्यांनी हो म्हटलं, मलाही. लेव्ह म्हणाला, "यांच्या गवऱ्यांसाठी तरी हो." सगळे हसले. मग वेरा एजेनं विचारलं, "आणि मुलाला?" सगळ्यांनी हो म्हटलं. तरी ती थांबली. तिनं पॉपलरकडे बघितलं, आणि मला दिसलं की बाकीचेही तिकडेच बघतायत. सातव्या दगडाचा होकार राहिला होता. मग तिनं होकाराची मान हलवली आणि मला विचारलं, "तुझं काय, बुरुल? राहायचं ना?"

तुर्सुन माझ्या मांडीवर होता, जड, गरम. मी हो म्हटलं.

आता सावली सातव्या दगडावर आली की मी लोकर घेऊन बाहेर बसते. अर्ध्या तासाचीच तर पाळी आहे, असं मनाला सांगते. ती संपली की आत जाते, गाठ सोडते, उजवीकडे बांधते.

काल मी त्याला दुपारीच जवळ घेतलं. काठीची सावली अजून पहिल्या दगडालाही लागली नव्हती. त्यानं तोंड फिरवलं. पोट भरलेलं होतं.