योतामच्या नावाचा कप

हे खरं घडलेलं आहे. माझा धाकटा भाऊ झेब्रन त्याच दुपारी माझ्या ओट्यावर बसून जे बोलला आणि पुढे मी जे पाहिलं, तेवढंच सांगते. पदरचं काही घालत नाही.

साल एक्याण्णव, सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार. मुपामाद्झी नदीपलीकडचं मोपानीच्या झाडांचं रान. त्या वर्षी नदी इतकी आटली होती की आम्ही बायका पात्रात खड्डे करून पाणी भरायचो.

आणि वेळ रात्रीची नव्हती. सकाळचे साडेनऊ. लख्ख ऊन.

झेब्रनला वाटाड्याचा परवाना मिळून दोनच आठवडे झाले होते. पाहुण्यांना स्वतःच्या जबाबदारीवर पायी रानात नेण्याची ही पहिलीच खेप. चार पाहुणे आणि छावणीचे तिघे, असे सातजण न्यायचे, सातजण परत आणायचे. दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

कारण आदल्या वर्षी त्याच वाटेवर एकजण परत आला नव्हता.

योताम. बावीस वर्षं बंदूक घेऊन रांगेत सगळ्यात पुढे चालणारा. जनावर दिसलं की तो बोलत नसे. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर बोटाने दोनदा वाजवी.

टक टक.

की असेल तिथे थांबायचं. उचललेलं पाऊलसुद्धा टेकवायचं नाही.

त्या दिवशीही टक टक झाली. मागेच चालणाऱ्या झेब्रनने, तेव्हा तो शिकाऊ होता, एक पाऊल जास्त टाकलं. वाळकं पान मोडलं… आणि झुडपातला रानरेडा उठला.

बंदुकीचा दस्ता फुटला. योताम गेला.

ते जास्तीचं पाऊल झेब्रनने फक्त मला सांगितलं होतं.

तेव्हापासून एक रीत पडली. वाटेतल्या चिंचेखाली चहा झाला की एक कप योतामच्या नावाने भरायचा आणि मुळाशी ओतायचा. चहा करणारे लॅक्सनमामा रांगेत शेवटी चालत. ते कधी विसरले नाहीत.

त्या सकाळीही त्यांनी आठ कप भरले.

"मामा, तुमच्या चहापेक्षा नदीचं पाणी दाट," इसाकी म्हणाला. योतामच्या जागी आलेला बंदूकवाला तो.

"मग जा ना नदीवर. मगर तुला साखरही घालून देईल."

पाहुण्यांतल्या एका बाईने कप मोजले. "आठवा कोणाचा?"

झेब्रन गडबडला. पहिलीच खेप, आणि यांना मेलेल्या माणसाचं काय सांगायचं?

"कोणाचा नाही. मामांची मोजणी चुकली." मग हळूच, "मामा, परत किटलीत ओता."

"नावाने भरलेला परत घ्यायचा नसतो, झेब्रन."

"ते घाबरतील. ओता म्हणतो ना."

मामांनी ओतला. त्याच किटलीतला चहा सगळे पुन्हा प्याले. झेब्रनसुद्धा.

ते निघाले.

थोड्या वेळाने होल्यांचं घुमणं थांबलं. मग गिनी कोंबड्यांचं ओरडणं. मग वारा…

टक टक.

सगळे थांबले. इसाकीने मागे बघितलं. "मी नाही वाजवलं. माझ्या बंदुकीला लाकूडच नाही."

आवाज मागून आला होता. झेब्रन रांगेच्या शेवटी गेला. "मामा, तुम्ही?"

"एका हातात किटली, दुसऱ्यात टोपली. नाकाने वाजवू?"

मामांच्या मागे वाट रिकामी होती.

पुन्हा चालू लागले. शंभर पावलं झाली असतील…

टक टक.

या वेळी मामांनी थट्टा केली नाही. ते कुजबुजले, "झेब्रन, माझ्या मागे कोणीतरी चालतंय."

"कोण?"

"दिसत नाही. पण मी थांबलो की तो थांबत नाही. एक पाऊल जास्त टाकतो."

झेब्रनने स्वतःच्या पायांकडे बघितलं.

एक पाऊल जास्त.

त्याने मामांना रांगेच्या मधे घेतलं आणि स्वतः इसाकीच्या मागोमाग गेला. पुढे दाट झुडूप, वाट त्यातूनच जाणारी. झेब्रनने पाय उचलला…

टक टक.

आता समोरून. झुडपातून.

तो एका पायावर थिजला.

"जाऊन बघतो," इसाकी म्हणाला. झेब्रनने त्याचा पट्टा मागून धरून ठेवला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. पाहुणी रडायला लागली होती. झुडपातलं एक पान हललं नाही.

शेवटी त्याने पाय मागे टेकवला. सगळे वळले आणि नदीच्या वाळूतून, लांबच्या वाटेने परतले. सातच्या सात.

छावणीत मामांनी टोपली उघडली. सात कप गार होते.

आठवा गरम होता.

दुसऱ्या दिवशी इसाकी दोघांना घेऊन ते झुडूप बघून आला. रेडा नाही, सिंह नाही, कसलाही माग नाही. योतामने वाचवलं म्हणावं, तर कशापासून?

आणि वाचवायचं नव्हतं, तर झेब्रनला तिथेच का उभं केलं?

लॅक्सनमामा पुन्हा कधी रांगेत शेवटी चालले नाहीत. झेब्रनने परवाना परत दिला.

आता तो माझ्याकडेच असतो. केस पिकलेत. दार वाजलं तर उघडायला जात नाही. घरात चालत असेल तर आहे तिथेच थांबतो, एक पाय वर धरून. मी रोज चहाचा एक कप जास्त भरते आणि अंगणातल्या आंब्याच्या मुळाशी ओतते. तो कधी विचारत नाही. मीही सांगत नाही.

परवा मला ताप होता. कप राहिला.

दुपारी दार वाजलं. दोनदाच.

मी उठून उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. कोंबड्या गप्प होत्या. वळून बघितलं तर झेब्रन चुलीपाशी एका पायावर उभा.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "पाय टेकवू का?"

मी दाराकडे वळून बघितलं.

आमचं दार पत्र्याचं आहे. वाजलं होतं ते लाकूड…