राणी रंगाची झुरळं

“तुजीच भाकर हाय ना? मग खा. समद्यांच्या म्होरं खा,” छगनतात्या म्हणाले, आणि तेही माईकवरून.

मंडपात दोनशे माणूस बसलेलं. मधोमध कडूबाई उभी. साठीच्या पुढची, वाळक्या काटकीसारखी बाई, डोक्यावर पदर. हातात तिचंच हिरव्या काठाचं फडकं, फडक्यात पंगतीतून उरलेल्या बारा भाकरी, आणि वरच्या भाकरीला चिकटलेलं एक मेलेलं झुरळ.

निकिता बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसलेली. वय बारा, सातवीचा निकाल नुकताच लागलेला, आणि तोंड आवरायची सवय नाही. शेजारच्या पोरींना ती हळूच म्हणाली, “झुरळआजी.”

पोरी फिसकन हसल्या. मग मागच्या बायका हसल्या. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “ए झुरळआजे, खा की आता.” अख्खा मंडप खदखदला.

कडूबाईनं झुरळ बोटानं उडवलं. तुकडा मोडला, चावून चावून खाल्ला. मग दुसरा. अख्खी भाकरी संपवली, पाणीसुद्धा मागितलं नाही. फडकं झटकलं आणि चालायला लागली.

आता हे असं का झालं, ते सांगतो.

हिवरे बाजारच्या डोंगरापलीकडं चिंचखेडी. तिथला उन्हाळ्यातला सप्ताह म्हणजे आठ दिवस कीर्तन आणि रोज दुपारी आमटी-भाकरीची पंगत. आमटी देवळापुढच्या कढईत शिजते, भाकरी मात्र घराघरातून येते. एकेका आळीची एकेक दिवसाची पाळी. पंगतीत ज्याच्या घरची भाकरी नाही, त्याला गाव आपल्यात धरत नाही. चौथा दिवस कडूबाईच्या आळीचा होता. दुपारी पंगत उठली आणि संध्याकाळपासून एकेचाळीस माणसं उलट्या-जुलाबानं आडवी झाली. निकिताच्या वर्गातल्या कल्याणचा चार वर्षांचा भाऊ अजिनाथ तर तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनवर. पोराचे डोळे खोल गेलेले, रडायलासुद्धा पाणी उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी उरलेल्या भाकरी उचलताना कडूबाईच्या फडक्यात ते झुरळ सापडलं. सप्ताह कमिटीचे प्रमुख छगनतात्या. निकिताचे सख्खे चुलते. त्यांनी शेवटच्या दिवशीच्या काल्यापर्यंतच्या पंगती रद्द केल्या आणि तिथंच निकाल लावून टाकला: कडूबाईच्या घरची भाकरी सप्त्याला बंद. यंदाच नाही, कायमची.

सहाव्या दिवशी कळलं, कडूबाईलाही उलट्या लागल्यात.

“बघा,” तात्या पारावर म्हणाले, “देवानंच दाखवलं. तिचीच भाकर तिला बाधली.”

लोकांनी माना हलवल्या.

निकिताचा मामेभाऊ पार्थ नगरहून सुट्टीला आला होता. तेरा वर्षांचा, चष्मेवाला, आणि कुठलीही गोष्ट पटली नाही की नाक खाजवत बसणारा. तो नाक खाजवत म्हणाला, “मला नाही पटलं.”

“तुला जिलबी गोड लागती हेबी पटत न्हाई,” कल्याण म्हणाला. त्याचे डोळे दोन रात्रींच्या जागरणानं लाल झालेले. “माजा भाऊ तिच्या भाकरीनं मरायला टेकला. तिच्या घरात झुरळंच झुरळं असत्याल.”

“बघितलीस?”

“न्हाई.”

“मग चल बघायला. मोनिका सिस्टर तिकडंच निघाल्यात.”

निकिताला जायचं नव्हतं. पण न जायचं कारण सांगायचं तर मंडपातलं सांगावं लागलं असतं. ती गेली.

उपकेंद्राच्या मोनिका सिस्टर पुढं, मागं तिघं. कडूबाईचं घर म्हणजे एकच खोली, ओढ्याकाठी. दारात ओकारी पडलेली, तिच्यावर राख टाकलेली. पण आत भुई सारवलेली, भांडी घासून पालथी, पिठाचा डबा झाकण लावून आढ्याला टांगलेला. कडूबाई गोधडीवर पडून होती. ओठ फुटलेले.

“बघायला आलाव व्हय? बघा,” ती म्हणाली. “चूलबी उचकून बघा.”

कल्याणनं खरोखरच बघितलं. चुलीमागं, उतरंडीखाली, सरपणात. एक पाल निघाली आणि दोन मुंगळे.

सिस्टरनी पाण्यात पुडी कालवली. “काल काय खाल्लं होतं, आजी?”

“मंडपातली भाकर.”

“आणि त्याच्या आदल्या दिवशी?”

“त्याच पिठाची. त्याच दिवशी थापलेली. ईस भाकरी सप्त्याला दिल्या, तीन घरी ठिवल्या. दोन म्या खाल्ल्या, येक शेळीनं. आमा दोघींना काय झालं न्हवतं.”

पार्थचं नाक खाजवायचं थांबलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “पीठ एक, चूल एक, हात एक. घरातली भाकरी बाधली नाही, मंडपातली बाधली. मधे ती भाकरी कुठं होती?”

निकितानं तात्यांच्या वाड्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं कुठं होती.

दरवर्षी भाकरी सकाळी यायची, चुलीवरून उतरली की थेट पंगतीत. यंदा तात्यांनी नवीन टूम काढली होती. बायकांना सकाळचं कीर्तन ऐकता यावं म्हणून भाकरी आदल्या संध्याकाळीच गोळा करायची आणि तात्यांच्या घरामागच्या नव्या खोलीत ठेवायची. बिनखिडकीची सिमेंटची खोली, कुलूप, चावी तात्यांच्या कमरेला.

त्या खोलीच्या भिंतीला लागून संडासाचा चेंबर. तिघं वाड्याच्या कुंपणावरून तिकडं उतरले, तर चेंबरचं झाकण फुटलेलं. मातीत टँकरच्या चाकाची खूण होती. भगदाडावर कुणीतरी गोणपाट टाकून वर दगड ठेवलेला.

“तिसऱ्या दिवशी टँकर फिरला हुता इथं,” निकिता म्हणाली. “आन् गोणपाट तात्यांच्या गोठ्यातलं हाय.”

कल्याणनं काठीनं गोणपाटाचं टोक उचललं. खाली काळपट तांबडं काहीतरी खळबळलं. झुरळं. बोटाएवढी, मिशा हलवणारी, एकावर एक चढलेली. भिंतीतल्या पाइपच्या भोकातून पाचसहा सर्रकन आत गेली.

कल्याण बाजूला जाऊन ओकला.

“तू आजारी आहेस का?” पार्थ म्हणाला.

“गप,” कल्याण म्हणाला. “अजिनाथनं ह्येच खाल्लं.”

सिस्टरना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं. “झुरळ विषारी नसतं रे. पण ते घाणीत चालतं आणि तसंच अन्नावर चालतं. पायाला जंतू, पोटात जंतू. खाता खाता ओकतं, तिथंच हगतं. त्यात मे महिना, बंद खोली, ओलसर भाकरीची थप्पी. रात्रभर जंतूंची जत्रा भरते. पण तीच झुरळं भाकरीवर जातात, हे कशावरून? तुमचे तात्या विचारतील मला.”

“खूण केली तर?” निकिता म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी काम उरकलं. बरणीत गुळाचा खडा, काठाला आतून तेल, म्हणजे आत पडलेलं वर चढू नये. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. चेंबरजवळच बावीस सापडली. डेअरीतून बर्फ आणून बरणी त्यात ठेवली, तशी झुरळं गारठून सुस्त पडली. निकितानं आत्याच्या लग्नातली नेलपॉलिश आणली होती. झगझगीत राणी रंग. एकेकाच्या पाठीवर एकेक ठिपका.

“नवरी नटवताय जणू,” कल्याण म्हणाला.

“बावीस नवऱ्या. वरात भाकरीच्या खोलीत,” पार्थ म्हणाला. तीन दिवसांत कल्याण पहिल्यांदा हसला.

एक झुरळ बर्फातून उठलंच नाही. पार्थनं त्याचे पाय एकेक करून मोजले, ओढले, तोडले आणि फेकून दिले. कुणी त्याला थांबवलं नाही. एकवीस झुरळं होती तिथंच सोडली.

सातव्या दिवशी निकिता सरळ तात्यांकडं गेली. म्हटलं, आपलेच आहेत. “तात्या, उद्याच्या काल्याच्या भाकरी त्या खोलीत नका ठिवू. चेंबर फुटलाय.”

तात्यांनी तिचा कान धरला आणि पिळला. पिळतच राहिले. “घरातली पोर घराची अब्रू काढती व्हय गं? पुन्हा बोललीस तर सप्ताह संपूस्तोवर शेळ्यांच्या खोलीत कोंडीन.”

“पण तुमाला म्हाईत हुतं तात्या, गोणपाट...”

दुसरा कान पिळला.

संध्याकाळी काल्याच्या भाकरी आल्या, अख्ख्या गावाच्या. दोन टेम्पो भरून. खोलीत थप्प्या लागल्या, वर ताडपत्री, दाराला कुलूप. उद्या तीन हजार पान जेवणार. बाकीच्या घरांची फडकी आत गेली. हिरव्या काठाचं तेवढं नव्हतं.

“कुलूप तोडू,” कल्याण म्हणाला.

“मग आपणच झुरळं टाकली म्हणतील,” पार्थ म्हणाला. “तात्यांनी स्वतःच्या हातानं दार उघडायला पायजे. सगळ्यांसमोर.”

निकिता लाल कान चोळत बसली होती. “तात्यांना मोठेपणा लई आवडतो,” ती म्हणाली. “देऊ की त्यांना.”

काल्याच्या दिवशी सकाळी नृसिंहमहाराजांना चहा न्यायचं काम तिनं मागून घेतलं. महाराज म्हणजे उंचेपुरे, आवाज ढोलासारखा, गावोगाव कीर्तनं करणारे. निकितानं कप ठेवला, पाया पडली. “महाराज, आमच्या तात्यांनी भाकरीची खोली देव्हाऱ्यागत ठिवलीय. तुमच्या हातनं दारात नारळ फुटला तर त्यांना लई बरं वाटंल. पण ते सोताहून म्हननार न्हाईत.”

महाराजांना गोष्ट पसंत पडली. माईकवरूनच म्हणाले, “ज्या खोलीत तीन हजार जणांचा प्रसाद विसावलाय, तिचं दर्शन घेऊ. चला छगनराव.”

तात्यांचा चेहरा आधी उतरला, मग अख्खं गाव आपल्याकडं बघतंय म्हटल्यावर फुलला. पांढरा पायजमा सावरत पुढं निघाले. मागं महाराज, सिस्टर, टाळकरी, बायाबापड्या. मंडप रिकामा झाला.

नारळ फुटला. कुलूप निघालं. आत अंधार आणि आंबूस वास. कल्याण टॉर्च घेऊन तयारच होता. पार्थनं ताडपत्रीचं टोक धरलं आणि एका हिसक्यात ओढलं.

भाकरीची भिंत हलली. म्हणजे भाकरी नाही, तिच्यावरची झुरळं. उजेडासरशी चौफेर फुटली, जोंधळ्याचं पोतं उसवावं तशी. कुणाची भाकरी, कुणाचं फडकं, सगळ्यांवरून पळाली. आणि त्या तांबड्या गर्दीत मधे मधे झगझगीत राणी रंगाचे ठिपके.

“ती रंगीत झुरळं मोजा,” निकिता मोठ्यानं म्हणाली. “परवा संडासाच्या फुटक्या चेंबरवर आमीच रंगवली. सिस्टरना सांगून. चौथ्या दिवसाच्या भाकरी ह्याच खोलीत हुत्या. कडूआजीच्या घरात येकबी झुरळ न्हाई. आमी बघितलंय.”

एक ठिपकेवालं झुरळ तात्यांच्या पायजम्यात शिरलं. तात्या एका पायावर नाचले, मग दुसऱ्या. हशा पिकला.

कुणीतरी थप्पीतली एक भाकरी उचलून तात्यांच्या हातात दिली. “तुमच्याच खोलीतली हाय ना? मग खा की तात्या.”

“खा, समद्यांच्या म्होरं खा,” दुसरं कुणी म्हणालं.

निकिताही हसत होती. तोंड भरून हसत होती. तात्यांच्या कपाळावर घाम, भाकरी ओठांपर्यंत आलेली, आणि सगळे हसतायत. मग तिला ते हसू ओळखू आलं. तीच माणसं, तोच आवाज. तिच्या तोंडातलं हसू जागच्या जागी वाळलं.

मोनिका सिस्टरनी तात्यांच्या हातावर फटका मारला. भाकरी खाली पडली. “येड लागलंय का सगळ्यांना? कडूआजी धरून बेचाळीस झाले, ते कमी पडले म्हणून त्रेचाळिसावा पायजे?”

मग धावपळ झाली. दोन टेम्पो भाकरी चुना टाकून खड्ड्यात पुरली. चेंबरवर सिमेंट पडलं. महाराजांनी सांगितलं, पंगत दुपारी चारला, भाकरी ताजी, चुलीवरून सरळ पानात, आणि पहिली पाटी कडूबाईची. आणि तिघांना मंडपात बोलावून एकेक नारळ दिला. “मोठ्यांना जे तीन दिवसांत दिसलं न्हाई, ते ह्या लेकरांनी गुळाच्या खड्यानं पकडलं,” असं माईकवर म्हणाले. टाळ्या झाल्या. तात्या पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. उठून त्यांनी निकिताच्या डोक्यावर हात ठेवला.

निकितानं नारळ घेतला आणि थेट ओढ्याकाठी गेली. मागं पार्थ, कल्याण, आणि त्याच सकाळी दवाखान्यातून आलेला अजिनाथ, कल्याणच्या कडेवर.

कडूबाई भिंतीला टेकून बसली होती.

“आजी, महाराजांनी सांगितलंय, पहिली पाटी तुमची,” निकिता म्हणाली.

कडूबाईनं परातीकडं बोट केलं. “माज्या हातात जोर न्हाई. तुला थापता येती?”

“वाकडी येती.”

“बस मग.”

चूल पेटली. कडूबाई पीठ मळायची, निकिता थापायची. पार्थ फुंकणी फुंकून खोकत होता. पहिली भाकरी फुगली तसा अजिनाथ कडेवरून खाली उतरला, चुलीपाशी गेला आणि हात पुढं केला.

“झुरळआजी, मला पापुद्रा दे.”

कल्याणनं त्याचं तोंड दाबलं. पोराला कळेना, आपलं काय चुकलं. गावात सगळेच तर तसं म्हणत होते.

कडूबाईनं पापुद्रा सोलला, फुंकर घातली, त्याच्या हातावर ठेवला.

निकिताचे हात पिठात तसेच थांबले. “आजी,” ती म्हणाली, “ते नाव... मी...”

“ठावं हाय,” कडूबाई म्हणाली. “मंडपात सगळ्यात आधी तुजंच तोंड हललं. म्या बघितलं हुतं.”

जाळ तडतडला. निकिताच्या गालावरून पाणी आलं ते परातीत पडलं.

“आता ते नाव मेल्यावरच सुटंल,” कडूबाई म्हणाली, आणि पुढचा गोळा तिच्या पुढ्यात सारला. “थाप. तवा तापलाय.”