बुकात नाव हाय

ही गोष्ट खरी आहे. ज्या मुलीचं लग्न यात अडलं होतं, तिची नातवंडं आज परभणीत नांदतात. एरवी ती कशालाही हसतील. या गोष्टीला हसत नाहीत.

साल १९३७. निजामाचं राज्य. महिना चैत्र. जागा हिंगोलीची जुनी छावणी.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे बारा.

वालूरच्या मनकर्णाबाईची मुलगी कमल. तिची सुपारी राणीसावरगावला फुटली होती. तारीख धरून झाली, हळकुंड फुटलं. तेवढ्यात कोणीतरी मुलाच्या बापाचे, किशनरावांचे, कान भरले. मुलीची पणजी बायनाबाई म्हणे छावणीतल्या एका गोऱ्याची ठेवलेली होती.

किशनरावांचा निरोप आला. आठ दिवसांत लग्नाचा पुरावा दाखवा, नाही तर सुपारी मोडली समजा.

बायनाबाईला जाऊन वीस वर्षं झाली होती. मरेपर्यंत ती एकच सांगायची, "माजं लगीन लागलंय. बुकात नाव हाय."

कोणतं बुक? तर छावणीतल्या इंग्रजांच्या गिरजाघराचं. मग नवऱ्याचं नाव सांग म्हटलं, की पदर पुढे ओढून गप्प. बाईने उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही रीत तिने शेवटपर्यंत सोडली नाही. नावच नाही तर शोधायचं कोणाला? गाव मात्र हसून घ्यायचं.

मनकर्णाने निरोप्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. "आठ दिस कशाला? चार दिसांत आणते म्हनावं," ती म्हणाली.

सेलूला एका वकिलाकडे बन्सीधर नावाचा मुन्शी होता. उर्दू तर सगळेच मुन्शी वाचत, हा इंग्रजीही वाचायचा. त्याला घेऊन तिने आगगाडी धरली. पूर्णेला गाडी बदलली आणि हिंगोलीला उतरली.

गोरे केव्हाच निघून गेले होते. गिरजाघराची किल्ली आश्रुबा नावाच्या म्हाताऱ्या राखणदाराकडे असायची. त्याने कुलूप काढलं. उंबरा मात्र ओलांडला नाही.

"बाराच्या आत भाइर या," तो म्हणाला. "बाराला आत कुनीतरी इचारीत असतंय."

काय विचारतं, असं मनकर्णाने विचारलं. तो लिंबाखाली जाऊन पाठ करून बसला.

आत वाळवीने खाल्लेली बाकडी आणि पारव्यांची घाण. कोपऱ्यात लोखंडी पेटी, पेटीत वह्या. बन्सीधर नवऱ्यांची नावं सोडून फक्त बायकांची नावं बघत गेला. एक वही झाली, दोन झाल्या.

तिसरीत बोट थांबलं.

बायना, बाप मुंजाजी, राहणार वालूर. साल अठराशे बहात्तर. नवरा तोफखान्यातला. नाव टॉमस.

मनकर्णाच्या डोळ्यांना धार लागली. आजी खोटं बोलत नव्हती.

पण बन्सीधरचा चेहरा उतरला. पाद्र्याच्या सहीची जागा कोरी होती. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शपथ घेताना नवरीने नवऱ्याचं नाव उच्चारलं नाही. लग्न अपुरं.'

त्यांच्यात नवरीने नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं, बन्सीधरने सांगितलं. बायनाबाईने घेतलं नव्हतं. पुढे वर्षभरात गोरा पटकीने गेला आणि ती तान्ही पोर घेऊन वालूरला परतली. आपलं लग्न लागलं, असंच ती समजत होती.

वर पारवे घुमत होते.

मग ते... एकदम थांबले.

वेदीच्या बाजूने कोणीतरी खाकरलं.

तिथे कोणीच नव्हतं.

"नाम बोलो..."

पुरुषाचा आवाज. थकलेला, चिडलेला.

त्याला उत्तर आलं नाही. फक्त... मनगटातले चांदीचे गोट एकमेकांवर वाजले.

"नाम बोलो..."

बन्सीधरने वही टाकली आणि दार गाठलं. मनकर्णाही दाराकडे वळली. पण ते गोट तिच्या ओळखीचे होते. लहानपणी त्याच हातांनी तिला भाकरी कुस्करून दिली होती.

ती गेल्यापासून वीस वर्षं. रोज दुपारी हा पाद्री तिला इथे उभी करून विचारत होता.

मनकर्णाची भीती तिथेच गेली. तिने वही उचलली, पदर खोचला आणि वेदीसमोर गेली.

"तिला काय इचारतूस?" ती म्हणाली. "आमच्यात बायकू नवऱ्याचं नाव घेत न्हाई. ठेवलेली असती तर शंभर बार घेतलं असतं. तिनं घेतलं न्हाई, हाच तिचा पुरावा. लिव्ह इथं."

तिने वही वेदीवर उघडी ठेवली आणि हात बांधून उभी राहिली.

मग... टाक कागदावर फिरल्याचा आवाज.

वर पारवे पुन्हा घुमू लागले. तिने पानावर बोट ठेवलं. बोटाला काळी शाई लागली.

बन्सीधर परत आला तेव्हा कोऱ्या जागी सही होती. ओली. त्याने नक्कल केली. आश्रुबाने काहीही न विचारता साक्षीचा अंगठा दिला.

किशनरावांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि मान खाली घातली.

लग्न वैशाखात लागलं. मनकर्णाने बायकांच्या पंगतीत सगळ्यांत पुढे एक रिकामा पाट मांडला, त्याला हळदकुंकू लावलं. मेलेल्या बाईचा पाट शुभकार्यात कशाला, म्हणून चुलती दगडाबाईने हटकलं. "माज्या आजीचा मान हाय," एवढंच मनकर्णा बोलली. पाट हलला नाही.

बायकांनी कमलला घेरलं. नाव घे, नाव घे. कमलने लाजून पदरात तोंड लपवलं.

बायनाबाईला जन्मात कोणी असं कौतुकाने नाव घे म्हटलं नव्हतं. ठेवलेलीला कोण म्हणतं?

हसणं ओसरलं. आणि रिकाम्या पाटाकडून... गोट वाजले.

"काळ्या वहीत काळी शाई, टामसरावांचं नाव घेते बायनाबाई."

म्हातारा, घोगरा आवाज. सगळ्यांनी ऐकला. कोणाचेच ओठ हलले नव्हते.

राणीसावरगावच्या एकाही बाईने 'ठेवलेली' हा शब्द पुन्हा कधी काढला नाही.

पाट उचलायला मनकर्णा वाकली, तेव्हा पाटावर काळ्या शाईचं एक बोट उमटलेलं होतं. तिने आपल्या बोटाशी लावून पाहिलं. ते तिचं नव्हतं.

पाट अजून घरात आहे. डाग राखेने घासला तरी जात नाही. लग्न असलं की तो पुढे मांडतात, आणि नवरीला नाव घे म्हणण्याआधी सगळ्या बायका क्षणभर गप्प होतात.