एका पावसाचं कापड

मोटारसायकलला पावसाळ्यासाठी पांघरूण शिवून घ्यायचं, एवढंच काम होतं. काही डोंगर उचलायचा नव्हता. तरी तुंगार्लीच्या अंबाजीला त्यासाठी आठ दिवस लागले. रोज पाळी संपली की तो लोणावळ्याच्या बाजारात मेहबूबच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत यायचा, आणि चुना संपलाय, तंबाखू संपलीय, असलं काहीतरी आठवून माघारी फिरायचा. माणसाचं असंच असतं बघा. जड ओझं मुकाट उचलतो आणि हलक्यापाशी अडून बसतो.

अंबाजी स्टेशनात सांधेवाला होता. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचे सांधे ओढायचे, हे त्याचं काम. साल बेचाळीस. लढाई चालू होती, घाटातून फौजेच्या गाड्या वर-खाली जात होत्या, आणि त्यातल्याच एका गाडीनं वर्षापूर्वी त्याचा एकुलता पोरगा सोपान लढाईवर गेला होता. त्या गाडीचा सांधासुद्धा अंबाजीनंच ओढला होता.

मोटारसायकल सोपानचीच. तो तुंगार्लीच्या एका बंगल्यावर मोटारी धुवायला होता. मालकानं भंगारात काढलेलं हे धूड त्यानं मागून घेतलं आणि वर्षभर खपून चालू केलं. पहिल्यांदा ते भडभडलं तेव्हा शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून तलावापर्यंत पळाली. सोपान आईला रोज म्हणायचा, "आये, बस की मागं कॅरिअरवर. तुज्या माहेराला नेतो, लोहगडवाडीला." सरुबाई म्हणायची, "लोकं शेण घालतील तोंडात." पुढं फौजेला मोटारसायकल चालवणारी पोरं हवी झाली, लढाईच्या जागी चिठ्ठ्या पोचवायला. सोपाननं नाव दिलं. जायच्या दिवशी तो परत म्हणाला, "आतातरी बस." तेव्हा ती म्हणाली, "तू माघारी ये. मग बसते. आईशपथ बसते."

गाडी घरात घेता येत नव्हती. उंबरा उंच आणि दार अरुंद. गोठ्यात ठेवावी तर गोठ्यातली वाफ लोखंड खाते. म्हणून ती घराच्या कुशीला, आंब्याखाली उघड्यावरच उभी असायची. तो गेल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात सरुबाईनं तिच्यावर घोंगडी टाकली आणि वर शेतातलं इरलं ठेवलं. घोंगडी चार-चार दिवस वाळायची नाही. ओलं घोंगडं अंगावर घेऊन माणूस निरोगी राहत नाही, तिथं लोखंड काय राहणार? हँडलला गंज चढला. तेव्हापासून सरुबाई रोज सकाळी त्याला खोबरेल चोळायची, लेकराच्या टाळूला चोळतात तसं. यंदा शिमग्याच्या सुमाराला सोपानचं पत्र आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. 'दिवाळीला रजा मिळेल. गाडीवर चांगलं कापड घाला, पण तिला कोंडू नका. खाली चार बोटं मोकळी ठेवा, लोखंडाला वारा लागतो.'

त्यानंतर वैशाखात तार आली. ती अंबाजीच्या हातात स्टेशनातच पडली. तारबाबूनं वाचली, आणि वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसत बसला. सोपान कुठल्याशा परक्या मुलखात कामी आला होता. कसा, कुठं, काही लिहिलेलं नव्हतं. अंबाजी म्हणाला, "बाबू, घरी मी सांगतो." त्यानं निळ्या कोटाचं अस्तर उसवून तार आत सारली. घरी गेला तर सरुबाई हँडलला तेल चोळत होती. आज नको, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता महिना गेला. आणि रोज ती म्हणायची, "अवो, पाऊस तोंडावर आला. कापडाचं बघताय न्हवं?"

शेवटी सरुबाईच्या निरोपावरून मेहबूबच घरी आला. बंगल्यांच्या व्हरांड्यांचे पडदे आणि टांग्यांचे टप शिवणारा हा माणूस. त्याचं माप उभ्या मावळात कधी चुकलं नव्हतं, आणि हे तो स्वतःही सांगायचा. त्यानं गाडीला फेरी मारली, टेप लावला, सीटवर जिथं खोलगा होता तिथं हात फिरवला.

"अंबाजीभाऊ, दोन जाती हायेत. मेणकापड घ्याल तर हलकं. आत वारा खेळतो, गाडीला घाम येत न्हाई. पण एक पाऊस काढंल, फार तर. डांबरी ताडपत्री धा पावसाळे हलायची न्हाई. पण आत कोंडतं." त्यानं टेप गुंडाळला. "आता तुमीच सांगा. पोरगं दिवाळीला येणार आसंल तर मेणकापड लय झालं. एका पावसाचं देऊ, का धा पावसाचं?"

सरुबाई दारात उभी होती. हाताला भाकरीचं पीठ होतं.

"डांबरी," अंबाजी म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. मेहबूबनं मान खाली घातली. सरुबाई म्हणाली, "धा पावसाचं कशाला? दिवाळीला येतो म्हनलाय न्हवं त्यो?"

"टिकाऊ बरं असतंय," अंबाजी म्हणाला.

ती वळून आत गेली, आणि बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज आला नाही.

ताडपत्री आली. काळी, जड, डांबराच्या वासाची. मेहबूबनं स्वतः चढवली. हँडलवर उंच, सीटवर खोलगट, मागं कॅरिअरवर सपाट; अंगरख्यासारखी बसली. किनार चहूबाजूंनी जमिनीपासून बरोबर चार बोटं वर. सोपाननं सांगितलं होतं तसंच. मेहबूब स्वतःवरच खूश होऊन गेला.

मावळातला आषाढ तुम्हाला सांगायला नको. दिवस उजाडतो पण दिसत नाही. ढग दारातून आत येतात, चूल धुमसते, कपड्यांना बुरशीचा वास लागतो, आणि आठ-आठ दिवस पागोळ्यांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज कानावर पडत नाही. असल्याच एका दुपारी अंबाजी कामावरून आला, आणि गाडीजवळून जाताना त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. किनार वर होती. चार बोटं नव्हे, चांगली वीतभर.

त्याला वाटलं, ताडपत्री आटली. त्यानं ती ओढून खाली केली आणि दोऱ्या आवळल्या. दुसऱ्या दुपारी पाहिलं तर पुन्हा वीतभर. चौथ्या दिवशी हातभर. आता दोन्ही चाकं निम्मी उघडी पडली होती. आणि सीटवरचा खोलगा... तो नव्हताच. तिथं ताडपत्री वर आली होती. पाऊस तिच्यावरून दोन बाजूंनी ओघळत होता, जसा खांद्यांवरून ओघळतो.

अंबाजी पावसात तसाच उभा राहिला. मग त्यानं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला आणि ताडपत्री उचलली. आत गाडीशिवाय काही नव्हतं. आतून घाम फुटावा तशी ताडपत्री ओली होती. फक्त पाय ठेवायच्या दोन खुंट्या कोरड्या होत्या, आणि त्यांच्यावर वाळू होती. बारीक, पिवळी, वाळलेली वाळू. तुंगार्लीत लाल चिखल सोडून दुसरं काही नसतं. अंबाजीनं ती धोतराच्या सोग्यानं पुसून टाकली आणि कुणाला बोलला नाही. एक गोष्ट लपवायला शिकलेला माणूस दुसरीही लपवतो.

पण त्याच्यानं राहवेना. तो मेहबूबला घेऊन आला. मेहबूब आधी चिडला. "माझं माप आखूड? अवो, डांबरी कापड आटत न्हाई!" त्यानं ताडपत्री काढून ओट्यावर पसरली, टेप लावला. माप पहिल्यासारखंच होतं, एक दोरा कमी नाही. परत चढवली; चार बोटं. "बघा," तो म्हणाला. दोघं ओट्यावर बसले. सरुबाईनं आतून गुळाचा चहा दिला. दोघांनी चहा संपवला. मग मेहबूबनं कपबशी खाली ठेवली आणि त्याची नजर गाडीकडं गेली.

किनार हातभर वर होती.

"भाऊ..." मेहबूब अगदी हळू म्हणाला. "म्या गाडीचं माप घेतलंतं."

"मग?"

"बसणाऱ्याचं न्हाई..."

त्यानं टेप गोळा केला, छत्रीसुद्धा न उघडता पायऱ्या उतरला आणि पावसात दिसेनासा झाला.

त्या दिवशी अंबाजीनं कोटाचं अस्तर उसवलं. घामानं आणि पावसानं तार मऊ पडली होती. सरुबाई चुलीपुढं बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि कागद जमिनीवर ठेवला. "अगं..." म्हणाला. सांधे ओढून घट्टे पडलेल्या हातानं त्यानं कागद तिच्याकडं सरकवला.

"ठावं हाय मला," सरुबाई म्हणाली. "तुमी डांबरी म्हनलासा, त्याच दिशी कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलत न्हवतासा, तंवर त्यो तुमच्यापाशी तरी जित्ता व्हता. म्या कशाला मारू त्याला?" तिनं पदर तोंडाशी घेतला. मग रडली. महिनाभर साठवलेलं रडली, आणि अंबाजीही तिच्याबरोबर रडला. खूप वेळानं ती म्हणाली, "लय कोंडलंय वो त्याला. वाळूखाली कोंडून गेलं लेकरू, आन् हितंबी आपन कोंडाया लागलोय."

अंबाजीनं कागदाकडं पाहिलं. तारेत वाळूचं नाव नव्हतं. खुंटीवरची वाळूही त्यानं तिला सांगितली नव्हती. पण त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, याचीच त्याला भीती वाटली.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. इंद्रायणीच्या काठी पोराचा दहावा घातला. माहेरची माणसं लोहगडवाडीहून भिजत आली, चार दिवस राहून गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अंबाजीनं धीर करून गाडीकडं पाहिलं. सीटवर पुन्हा खोलगा होता. किनार पुढच्या चाकाशी बरोबर चार बोटं वर. त्यानं वाकून, बोटं लावून मोजली. मग तो तिथंच ओल्या मातीत बसला. "गेला रं बाबा... सुटला," एवढंच म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

आत सरुबाई वेगळ्याच गडबडीत होती. "मेहबूबला बोलवा," ती म्हणाली. "ती काळी ताडपत्री नगं आता. मेनकापडाचं शिवू."

मेहबूब यायला तयार नव्हता. किनार खाली आली म्हटल्यावर आला. पावसानं उघडीप दिली होती, समोरचा डोंगर धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता. सरुबाई डोक्यावरून पदर घेऊन गाडीच्या मागं उभी राहिली. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. अंबाजीला वाटलं, बरं झालं, बाई दुःखातून उठली.

मेहबूबनं काळी ताडपत्री काढून हँडल मोजलं, सीट मोजली, पेन्सिल कानावर ठेवली.

"मागनंबी सोड जरा," सरुबाई म्हणाली.

"मागं काय हाय मावशी? नुसतं कॅरिअर."

"दीड हात वर सोड. कॅरिअरच्या हितं." तिनं हातानं उंची दाखवली. "आखूड पडाया नगं परत."

मेहबूबनं अंबाजीकडं पाहिलं. अंबाजीनं सरुबाईकडं. ती कॅरिअरची पट्टी पदरानं पुसत होती, अगदी निगुतीनं, बसायच्या जागेवरची धूळ झटकावी तशी.

"मावशी..." मेहबूबनं कानावरची पेन्सिल काढली. धंद्याचा प्रश्न. शिवणाऱ्याला तो विचारावाच लागतो. "मेणकापड एकच पाऊस टिकतं बरं. जास्तीचं पायजे का?"

"न्हाई रं बाबा," सरुबाई म्हणाली. "एका पावसाचं लय झालं."

नवं शिवून होईतो मेहबूबनं काळी ताडपत्रीच परत चढवली. अंबाजीला सरुबाईचा हात धरायचा होता. तिला घरात न्यायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं. पण त्याची नजर खाली गेली. पुढच्या चाकाशी किनार चार बोटांवरच होती. मागच्या चाकाशी मात्र ती वीतभर उचललेली होती, आणि कॅरिअरवरचं सपाट कापड वर आलं होतं. वारा पडलेला होता. आणि सरुबाई तर अजून त्याच्या शेजारीच उभी होती.